साक्षीदार किती असावेत?

दान देणे कठीण आहे, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे आणि त्यात खोटे काही नाही. परंतु आनंदाने पुढे आलेल्या दात्याला ‘आता पुरे’ असे सांगणे त्याहूनही कठीण असते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जत्रेच्या दिवशी देवळात नारळांचा ढीग पडतो, तेलाच्या बाटल्या ओळीने उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी पटांगण झाडायला मात्र माणसे हुडकावी लागतात. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा ओढण्यासाठी पंधरा हात वर होतात आणि खुर्च्या उचलण्याची वेळ आली की दोनच उरतात. पडदा ओढू पाहणाऱ्यांची भावना खोटी असते, असे आम्हांला कधी वाटले नाही. ती खरी असते, म्हणूनच त्यांतील तेरा जणांना ‘तू नको’ असे सांगताना आमची जीभ अडखळते.

हा प्रश्न केवळ देवळाचा आणि शाळेचा नाही. जगभर पसरलेल्या एका मोठ्या कामात तो उभा राहिला आहे, आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याची एक लहानशी आवृत्ती आमच्या गावातही येऊन गेली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. घरी कोकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. तारा, यंत्रे आणि आकडे यांच्याशी आमचा संबंध बेताचाच. परंतु विज्ञान मंडळाचे काम पाहणारे आमचे सहकारी रजेवर गेले आणि ते मंडळ काही महिने आमच्या गळ्यात पडले. त्या निमित्ताने जे शिकावयास मिळाले, ते विद्यार्थीमित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण ज्याला इंटरनेट म्हणतो, ते एका मालकाचे एक जाळे नव्हे. हजारो निरनिराळी जाळी एकमेकांना जोडून ते बनलेले आहे. कोणते जाळे एखाद्या दूरध्वनी कंपनीचे, कोणते विद्यापीठाचे, कोणते सरकारी खात्याचे. अशा प्रत्येक जाळ्याचा कारभार त्याच्या मालकाच्या हाती असतो, म्हणून त्याला स्वायत्त जाळे म्हणतात आणि ओळखीसाठी त्याला एक क्रमांक दिलेला असतो. आपल्या घरून निघालेला संदेश अशी तीन-चार जाळी ओलांडून इष्ट स्थळी पोहोचतो. प्रत्येक मालकाला आपापले अंगण दिसते. सारे गाव एका दृष्टिक्षेपात दिसेल, असा उंच बुरूज कोठेच नाही. मग हे सारे मिळून नीट चालले आहे की नाही, हे पाहावयाचे कोणी आणि कोठून?

या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर म्हणजे ‘राइप ऍटलस’ नावाचे मोजणीचे जाळे. नेदरलँड्समधील ऍमस्टरडॅम शहरात राइप एनसीसी नावाची संस्था 1992 पासून काम करीत आहे. युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाचा काही भाग येथील जाळ्यांना पत्ते व क्रमांक वाटण्याचे काम तिच्याकडे आहे. या संस्थेने 2010 साली एक योजना सुरू केली. तळहातावर मावेल अशी एक पेटी तयार करावयाची आणि जो स्वयंसेवक ती आपल्या घरी किंवा कचेरीत बसवून सतत चालू ठेवील, त्याला ती विनामूल्य द्यावयाची. या पेटीला ‘प्रोब’ म्हणतात. 2020 पासून पेटीही आवश्यक राहिली नाही. स्वतःच्या संगणकावर त्यांचा प्रोग्रॅम बसवूनही हे काम करता येऊ लागले. आज असे बारा हजारांच्या आसपास प्रोब जगभर जागे असतात.

ही पेटी करते तरी काय? ती हाक मारते आणि ओ येण्यास किती वेळ लागला, ते टिपून ठेवते. या हाकेला ‘पिंग’ म्हणतात. वाटेत कोणकोणते मुक्काम लागले, याचीही ती नोंद करते. इंटरनेटवरील नावांच्या व्यवस्थेच्या मुळाशी तेरा नावांचे सर्व्हर आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचता येते की नाही, हेही ती वरचेवर तपासते. घरातील माणसे काय वाचतात, कोणाशी बोलतात, याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. चव्हाट्यावर ज्या नकाशात तिचे स्थान दाखविले जाते, तेथेही ते थोडेसे सरकवून दाखवितात, म्हणजे नेमके घर कोणास कळू नये. एवढ्या कामाच्या मोबदल्यात यजमानाला मिनिटाला 15, म्हणजे दिवसाला 21,600 गुण मिळतात. ते खर्च करून तो जगातील इतर प्रोबांकडून स्वतःला हव्या त्या मोजण्या करवून घेऊ शकतो.

मुलांना आम्ही एक हिशेब घातला होता. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गोव्याहून ऍमस्टरडॅम सरळ रेषेत सुमारे सात हजार किलोमीटर. तेव्हा हाक जाऊन ओ परत येण्यास कमीत कमी किती वेळ लागेल? उत्तर एका सेकंदाच्या सात शतांश भागाइतके येते. प्रत्यक्षात तारा सरळ रेषेत जात नसल्यामुळे वेळ त्याहून बराच अधिक लागतो. जितका अधिक लागतो, तितका रस्ता वाकडा किंवा गर्दीचा आहे असे समजावे. नववीच्या वर्गातील एका मुलाने यावर विचारले, “सर, म्हणजे घरबसल्या रस्त्याचे वळण कळते?” आम्हांला या कामाचे मर्म याहून थोडक्यात सांगता आले नसते.

अशा हजारो हाका एकत्र केल्या की काय दिसते, याची उदाहरणे आहेत. 2012 च्या ऑक्टोबरअखेर सँडी नावाच्या वादळाने न्यू यॉर्क परिसराला झोडपले, तेव्हा त्या शहरातून जाणारे संदेश बाजूच्या वाटा धरून कसे गेले, ते या प्रोबांच्या नोंदींवरून पाहता आले. 30 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबर 2015 या दिवशी त्या तेरा मूळ सर्व्हरांपैकी अनेकांवर खोट्या प्रश्नांचा प्रचंड लोंढा सोडण्यात आला. कोणता सर्व्हर कोठे डगमगला आणि कोठे टिकून राहिला, याचा अभ्यास संशोधकांनी पुढील वर्षी मांडला, तो सुमारे नऊ हजार प्रोबांच्या साक्षीवर. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये बाल्टिक समुद्रातील दोन तारा लागोपाठ तुटल्या. एक स्वीडन व लिथुआनिया यांच्यामधली, दुसरी फिनलंड व जर्मनी यांच्यामधली. त्या वेळी काही वाटांवर संदेशांना वेळ अधिक लागला, पण ते हरवण्याचे प्रमाण म्हणावे तसे वाढले नाही, हेही याच नोंदींनी दाखविले. ज्यांनी ती पेटी घराच्या कोपऱ्यात लावली, त्यांतील बहुतेकांना आपण अशा एखाद्या मोठ्या घटनेचे साक्षीदार झालो, याची कल्पनाही नसेल.

येथवर सर्व गोडच आहे. अडचण पुढे येते. स्वयंसेवक जेथे राहतात तेथेच प्रोब लागणार, हे उघड आहे. आणि या विषयाची गोडी असणारी, चांगली जोडणी असणारी, वीज न जाणाऱ्या घरात राहणारी माणसे जगात सारखी विखुरलेली नाहीत. त्यामुळे प्रोबांची दाटी युरोपात झाली. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा देशांत आणि तिकडे अमेरिकेत ठिपक्यांना ठिपका लागला. त्यातही एकाच मोठ्या कंपनीच्या जाळ्यात, एकाच शहरात कितीतरी प्रोब शेजारी शेजारी उभे आहेत. उलट आफ्रिकेतील आणि आशियातील विस्तीर्ण प्रदेश नकाशावर कोरे दिसतात. तेव्हा हे जाळे चालविणाऱ्यांपुढे आणि वापरणाऱ्यांपुढे प्रश्न आला: जेथे साक्षीदार पुरेसे झाले आहेत, तेथे नव्या साक्षीदाराला थांबवावे काय?

‘जास्त असले तर बिघडले कोठे?’ असे कोणीही म्हणेल. आमच्या मुलांनीही तेच म्हटले. बिघडते ते दोन प्रकारांनी. पहिला प्रकार खर्चाचा. प्रत्येक प्रोबाची प्रत्येक नोंद वाहून न्यावी लागते, साठवावी लागते, वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. हा खर्च संस्थेच्या सभासदांच्या वर्गणीतून होतो. नव्वद नोंदींनी जे सांगितले, तेच एक्याण्णवावी नोंद सांगत असेल, तर तिच्यासाठी कपाट विकत घेणे शहाणपणाचे नाही. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे, कारण तो सत्याशी संबंधित आहे. कल्पना करा की एका राज्यात शंभर प्रोब आहेत आणि त्यांतील ऐंशी एकाच शहरात, एकाच कंपनीच्या तारेवर आहेत. त्या कंपनीचे यंत्र तासभर बंद पडले, तर मोजणी म्हणेल की राज्यातील ऐंशी टक्के इंटरनेट बुडाले. उलट डोंगराकडील साऱ्या तालुक्यात आठ दिवस संदेश पोहोचला नाही आणि तेथे एकच प्रोब असला, तर मोजणी म्हणेल की एक टक्का गैरसोय झाली. दोन्ही वेळी आकडे खरे आणि निष्कर्ष खोटा! ज्याचे आप्त अधिक त्याची बाजू खरी, असा न्याय कोणत्याही पंचायतीत चालू नये. मोजणीतही चालू नये.

भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट निराळ्या वाटेने ठाऊक असते. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली आणि जिचे खंड 1903 ते 1928 या काळात प्रसिद्ध झाले, तिच्यात बायबलातील उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत सांगवून घेतलेली आहे. एकाच गल्लीतील पन्नास जणांकडून ती गोष्ट लिहून घेतली असती, तर पन्नास पाने भरली असती आणि बोली एकच हाती लागली असती. पेडण्यात एक, सासष्टीत एक आणि काणकोणात एक, असे तीनच माणूस गाठले तर कोकणीची किती वळणे ऐकू येतात, हे गोव्यातील वाचकास सांगावयास नको.

पर्जन्यमापकाचेही तसेच. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे 3,702 चौरस किलोमीटर. तरीही किनाऱ्यावर पडणारा पाऊस आणि सह्याद्रीला टेकलेल्या वाळपई-सांगे भागात पडणारा पाऊस यांत पुष्कळ अंतर असते. जागतिक हवामान संघटनेने पर्जन्यमापकांच्या किमान दाटीविषयी जी शिफारस केली आहे, तीत सपाट प्रदेशासाठी 575 चौरस किलोमीटरांमागे एक मापक पुरे म्हटला आहे, तर डोंगराळ प्रदेशासाठी 250 चौरस किलोमीटरांमागे एक हवा. या नियमात माणसांच्या हौसेला जागा नाही. पाऊस जेथे पावलागणिक बदलतो तेथे साक्षीदार अधिक, जेथे तो सारखा पडतो तेथे कमी, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

मात्र एवढ्यावरून ‘जादा ते सारे व्यर्थ’ असा निवाडा देण्याची घाई करू नये. ती घाई किती धोक्याची आहे, हे आम्हांला पुस्तकातून नव्हे, तर आमच्या गावातच दिसून आले.

गेल्या वर्षी जूनमध्ये विज्ञान मंडळात या प्रोबांची माहिती सांगितल्यावर मुलांच्या उत्साहाला भरते आले. मंडळापाशी तळहाताएवढा एक छोटा संगणक होता. त्यावर तो प्रोग्रॅम बसविण्याचे ठरले. तो कोणाच्या घरी ठेवावा, याकरिता बाजारपेठेतील चार घरांतून मागणी आली. पहिले नाव नववीतील त्याच मुलाचे, ज्याने रस्त्याच्या वळणाचा प्रश्न विचारला होता. त्याचे आजोबा निवृत्त पोस्टमास्तर. मंडळाचा संगणक मिळाला नाही तर आपण नातवाला स्वतंत्र घेऊन देऊ, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. चारही घरे एका गल्लीत, चारही घरांची जोडणी एकाच कंपनीची. आणि त्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका अभियंत्याच्या घरी असा प्रोब दोन वर्षांपासून चालू होता, ही बातमी मुलांनीच नकाशा पाहून आणली.

पाचवी मागणी जवळजवळ ऐकूच आली नाही, कारण ती करणारी आठवीतील मुलगी मागच्या बाकावर बसते आणि हळू बोलते. तिचे घर घाटाच्या पायथ्याशी, गावापासून अकरा किलोमीटरांवरच्या एका वाड्यावर. तेथे पावसाळ्यात इंटरनेट येते आणि जाते. किती येते आणि किती जाते, याचा हिशेब कोणापाशी नसतो. आदल्या वर्षी तिच्या थोरल्या भावाचा शिष्यवृत्तीचा अर्ज याच कारणाने मुदतीत गेला नव्हता. सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे त्यांनी तक्रार केली, तेव्हा उत्तर मिळाले की आमच्या नोंदीप्रमाणे आपल्या भागात सेवा सुरळीत आहे. वाड्यावरच्या माणसांपाशी स्वतःची नोंद नव्हती. ज्याची नोंद त्याचे खरे. दुसरे काय होणार?

संगणक वाड्यावर पाठवावयाचा, हे आम्हांला मनोमन पटले होते. परंतु नववीतील त्या मुलाला हे सांगणे आले. त्याने यादीत पहिले नाव घातले होते, मंडळाच्या प्रत्येक सभेला तो हजर होता, आणि प्रोबाविषयी आमच्यापेक्षा त्याला अधिक माहिती होती. गुणांवरून पाहिले तर संगणक त्याचाच. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि आजोबांच्या समोर सारी गोष्ट मांडली. मुलगा खाली पाहून म्हणाला, “म्हणजे आमचा नको.” त्या तीन शब्दांत जो राग आणि दुःख होते, ते आम्हांला अजून आठवते. आम्ही काही उत्तर देण्याच्या आतच पोस्टमास्तर कोकणीत जे बोलले, त्याचा अर्थ असा: “बाबा, मी छत्तीस वर्षे टपालाचे काम केले. एका गल्लीत चार टपालपेट्या लावल्या म्हणून पत्रे चौपट होत नाहीत. पण ज्या वाड्यावर पेटी नसते, तेथल्या म्हातारीला पत्र टाकायला दोन कोस चालावे लागते.” मुलगा गप्प राहिला. त्याला ते पटले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला ते ऐकू आले, एवढे खरे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाड्यावरचा प्रोब जागा झाला. केव्हा जोडला गेला आणि केव्हा तुटला, याची वेळ अशा प्रत्येक प्रोबामागे आपोआप नोंदली जाते. महिन्याभरात त्या नोंदीत भोके पडलेली दिसू लागली. कधी दोन तासांचे, कधी अख्ख्या रात्रीचे. मुलीच्या वडिलांनी त्या वेळा कागदावर उतरवून पुन्हा तक्रार केली. या वेळी उत्तर निराळे आले: आपल्या घरची वीज गेली असेल.

आणि खरोखरच, ते उत्तर खोडून काढता येईना! वीज गेली की संगणक बंद, आणि तार तुटली तरी संगणक अबोल. एकट्या साक्षीदाराला झोप लागली होती की त्याचे तोंड दाबले होते, हे दुरून कसे कळावे? येथे दुसऱ्या साक्षीदाराची गरज होती. आणि तो त्याच वाड्यावर, त्याच तारेवर हवा होता. म्हणजे ज्याला आपण बाजारपेठेत ‘जादा’ म्हणून नाकारले, तोच वाड्यावर अत्यावश्यक ठरला.

दुसरा संगणक कोठून आला, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेल. पोस्टमास्तरांनी नातवासाठी घेतलेला संगणक घरी पडून होता. ऑगस्टच्या एका शनिवारी तो मुलगा स्वतः बसने वाड्यावर गेला आणि तेथील देवळाच्या सभागृहात, जेथे इन्व्हर्टर आहे, तेथे त्याने तो बसविला. दोघांपैकी फक्त घरचा प्रोब झोपला तर वीज गेली. दोन्ही एकाच मिनिटाला झोपले तर तार गेली. चवथीच्या सुटीनंतर मुलांनी वेळा ताडून पाहिल्या. काही भोके विजेची निघाली आणि ती तक्रारीतून वगळण्यात आली. उरलेली बहुतेक दोघांनाही एकदमच पडली होती. तो तक्ता पंचांनी आपल्या पत्रासोबत जोडला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन तार पाहून गेला; एक खांब बदलला, एक तार अजून फणसाच्या झाडावरूनच गेली आहे. गड सर झाला, असे म्हणण्याजोगे काही घडलेले नाही. परंतु ‘सेवा सुरळीत आहे’ असे उत्तर त्यानंतर आलेले नाही.

या लहानशा प्रकरणावरून मोठ्या जाळ्याच्या प्रश्नाकडे पाहिले, म्हणजे काही गोष्टी स्पष्ट दिसतात. मर्यादा घालावी हे खरे. पण ती किती प्रोब आहेत एवढ्यावरून नव्हे, तर नवा प्रोब काय नवीन सांगणार यावरून घालावी. पहिला साक्षीदार अंधारात दिवा लावतो. दुसरा आणि तिसरा पहिल्याची शहानिशा करतात, आणि तो आजारी पडला तर त्याची जागा भरून काढतात. स्वयंसेवकांची पेटी केव्हा कपाटात जाऊन पडेल याचा नेम नसल्यामुळे ही सोय हवीच. त्यानंतरचे साक्षीदार हळूहळू प्रतिध्वनी होऊ लागतात.

मर्यादा घालताना केवळ जाळ्याचा क्रमांक पाहणे मात्र अन्यायाचे होईल. आपल्या देशात एकेका कंपनीचे जाळे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेले असते. अशा जाळ्याला अमुक इतकेच प्रोब, असा सरसकट नियम केला, तर दिल्ली-मुंबईचे हौशी लोक तो आकडा केव्हाच भरून टाकतील आणि घाटपायथ्याच्या वाड्याला सांगण्यात येईल की तुमच्या कंपनीचे साक्षीदार पुरे झाले. तेव्हा जाळे आणि स्थळ, दोन्ही पाहिली पाहिजेत. तसेच, जादा ठरवावयाचे झाले तर जुन्याला उठवून नव्याला बसवू नये. ज्या पर्जन्यमापकाने एकाच जागी पुष्कळ वर्षे पाऊस मोजला, त्याची किंमत त्या अखंड वर्षांत असते; प्रोबाचेही तसेच आहे.

शिवाय, नकार हा एकच उपाय नाही. मोजणी करताना साऱ्यांना न विचारता निवडकांना विचारावे, हा दुसरा उपाय. 2022 साली ‘मेटिस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हाच मार्ग दाखविला आहे. जाळ्यांमधील परस्पर अंतरे मोजून, एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर असलेल्या जाळ्यांतील प्रोब निवडावयाचे. म्हणजे थोड्या साक्षींत अधिक मुलूख दिसतो. त्याच हिशेबाने नवीन प्रोब कोणत्या जाळ्यात लावला असता जास्त उपयोग होईल, हेही सांगता येते. आम्हांला या दुसऱ्या भागाचे मोल अधिक वाटते. कारण ‘तू येथे नको’ या वाक्याला ‘तू तेथे हवास’ अशी जोड मिळाली, म्हणजे ते वाक्य नकार राहत नाही. ते बोलावणे होते.

आमच्या मते सारा प्रश्न येथे येऊन थांबतो. यंत्राला ‘पुरे’ म्हटल्याने यंत्राला काही वाटत नाही. पण यंत्रामागे माणूस असतो. त्याने आपली वीज, आपली जागा, आपला वेळ कोणी न मागता देऊ केलेला असतो. अशी माणसे कोणत्याही समाजात मोजकीच असतात. त्यांना कोरडे नाही म्हटले, तर ती पुन्हा येत नाहीत. आणि संकोचाने सर्वांनाच होकार दिला, तर काम भलतीकडे झुकते व कोरे कोपरे कोरेच राहतात. यांतून वाट काढावयाची, तर देणाऱ्यापुढे नकाशा उघडून ठेवावा, रिकामी जागा बोटाने दाखवावी आणि निवड त्याच्यावर सोडावी. बहुतेक माणसे अशा वेळी उदार होतात, असा आमचा विश्वास आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, अनेक चांगल्या कामांत तुमचे हात पुढे होतील. जेथे पंधरा हात आधीच वर झालेले आहेत, तेथे सोळावा वर करण्यापूर्वी क्षणभर मान वळवून पाहा; खुर्च्या उचलावयाच्या राहिल्या आहेत काय, पटांगण झाडावयाचे राहिले आहे काय, मागच्या बाकावरून कोणी हळू आवाजात काही सांगत आहे काय. आणि कोणी तुम्हांला ‘येथे पुरे झाले’ असे सांगितले, तर तो तुमच्या देण्याचा अपमान समजू नका. कोठे कमी आहे, एवढेच त्याला विचारा.